अवकाशयानाचे परतणे आणि देशाभिमानाचा पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

देशाभिमान ही पाठ करून घेण्याची गोष्ट नव्हे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. तरीही राष्ट्रीय सणांच्या दिवशी घोषणा, भाषणे व टाळ्या यांच्या पलीकडे हा विषय क्वचितच जातो. मुले उत्साहाने घोषणा देतात; परंतु त्या उत्साहाच्या मुळाशी ज्ञान नसेल, तर एखाद्या चौकस मुलाच्या पहिल्याच प्रश्नाने तो डळमळतो. अभिमान खरा असेल तर त्याने प्रश्नाला भिण्याचे कारण नाही. या दृष्टीने अलीकडच्या काळातील एक घटना शिक्षकांना फार उपयोगी पडण्यासारखी आहे. ती घटना म्हणजे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचे अवकाशातून पृथ्वीवर परतणे.

पाठाचे हेतू

या पाठाचे हेतू तीन आहेत. अवकाशयान पृथ्वीवर कसे परतते, हे मुलांना प्रात्यक्षिकांच्या साहाय्याने समजावे, हा पहिला. ते दृश्य पाहताना मनात जी भावना उचंबळून येते, तिचे स्वरूप मुलांना ओळखता यावे, हा दुसरा. आपले काय आहे आणि दुसऱ्याचे काय आहे हे प्रांजळपणे सांगूनही अभिमान बाळगता येतो, हे त्यांच्या मनावर बिंबावे, हा तिसरा व सर्वांत महत्त्वाचा. पाठास दोन तासिका पुरतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्या स्मरणार्थ २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन ठरविण्यात आला. त्या दिवसाच्या आसपास हा पाठ घेणे सोयीचे होईल.

घटना

२५ जून २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातून एका अग्निबाणाने ‘ड्रॅगन’ जातीचे एक यान अवकाशात नेले. यानात चौघे होते. अमेरिकेच्या पेगी व्हिटसन या प्रमुख होत्या, भारताचे शुभांशु शुक्ला हे यानचालक होते आणि पोलंड व हंगेरी या देशांचे प्रत्येकी एक अंतराळवीर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी हे यान पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकास जाऊन मिळाले. या स्थानकात पाऊल ठेवणारे शुक्ला हे पहिले भारतीय होत. त्यांच्यापूर्वी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलेले एकमेव भारतीय नागरिक म्हणजे राकेश शर्मा. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोव्हिएट यानातून गेले आणि ११ एप्रिल रोजी कझाकस्तानच्या माळरानावर उतरले. दोन्ही प्रवासांमध्ये ४१ वर्षांचे अंतर पडले.

शुक्ला व त्यांचे सहकारी १४ जुलै २०२५ रोजी स्थानकातून निघाले. १५ जुलै रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून गेले न गेले तोच त्यांचे यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिक महासागरात उतरले. आपल्याकडे ती शाळेची वेळ होती, तर तिकडे उत्तररात्रीचा काळोख होता. लखनौ येथे शुक्ला यांचे कुटुंबीय विद्यार्थ्यांसमवेत ते दृश्य पाहत होते. यान पाण्यावर टेकताच देशभर टाळ्या झाल्या आणि अनेकांचे डोळे ओलावले. ज्यांनी शुक्ला यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते, त्यांना आपल्या घरचेच माणूस सुखरूप आल्यासारखे वाटले. या भावनेचा उगम कोठे आहे, हे पाहण्यापूर्वी परतीचा मार्ग कसा असतो ते समजून घेतले पाहिजे.

परतीचा मार्ग

स्थानक व त्याला जोडलेले यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असते. एवढ्या वेगाने मुंबईहून नागपूरला जाण्यास दीड-दोन मिनिटे पुरतील. पृथ्वीची एक फेरी सुमारे दीड तासात होते. यानाला खाली यावयाचे असेल, तर प्रथम हा वेग थोडा कमी करावा लागतो. त्यासाठी यानाची एंजिने प्रवासाच्या विरुद्ध दिशेने काही मिनिटे पेटवितात. वेग किंचित घटला की यान हळूहळू वातावरणाच्या दाट थरांकडे उतरू लागते.

येथून खरी परीक्षा सुरू होते. यान फार उभ्या कोनात शिरले, तर उष्णता व आतील माणसांवर येणारा दाब असह्य होतो. फार उथळ कोनात शिरले, तर ते ठरलेल्या जागेपासून दूर जाऊन पडते. यानाच्या पुढील हवेला बाजूला सरण्यास वेळच मिळत नाही. ती एकदम दाबली जाते आणि अतिशय तापते. यानाच्या तळाशी असलेल्या ढालीचे तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. या ढालीचा थर थोडा थोडा जळून झडतो आणि झडताना उष्णता बरोबर घेऊन जातो. त्यामुळे आतील माणसे सुरक्षित राहतात. वेग पुरेसा कमी झाल्यावर साडेपाच किलोमीटरच्या आसपास दोन लहान हवाई छत्र्या उघडतात. पुढे सुमारे दोन किलोमीटर उंचीवर चार मोठ्या छत्र्या उघडतात. पाण्याला स्पर्श होतो तेव्हा यानाचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे भरवेगाने चालविलेल्या सायकलीइतकाच उरतो. ताशी २८,००० पासून ताशी २५ पर्यंतची ही उतरण एका तासाच्या आत होते.

प्रात्यक्षिके

ही माहिती नुसती सांगून भागणार नाही. पुढील तीन प्रयोग कोणत्याही खेड्यातील शाळेत करता येतील.

पहिला प्रयोग : सायकलीच्या पंपाचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दांडा वेगाने आठ-दहा वेळा खाली दाबावा. मग पंपाचा खालचा भाग मुलांना हात लावून पाहू द्यावा. तो गरम लागतो. दाबलेली हवा तापते, हे यावरून कळते. यानापुढील हवा याच कारणाने तापते, मात्र कितीतरी पटींनी अधिक.

दुसरा प्रयोग : जाड कागदाचा द्रोण करून त्यात पाणी भरावे आणि तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावा. पाणी असेतोवर कागद पेटत नाही, कारण उष्णता पाणी घेऊन जाते. उष्णतेला दुसरीकडे वाट करून दिली की वस्तू वाचते. यानाच्या ढालीचे तत्त्व याच्याशी मिळतेजुळते आहे. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. मुलांच्या हाती ज्योत देऊ नये.

तिसरा प्रयोग : हातरुमालाच्या चार टोकांना सारख्या लांबीचे दोरे बांधून त्यांना एक खडा लटकवावा. तो व तेवढाच दुसरा खडा एकाच उंचीवरून सोडावा. मग एक दोरा मुद्दाम आखूड बांधून तोच रुमाल पुन्हा सोडावा. तो तिरपा होऊन कोलमडत खाली येईल. एका दोऱ्याच्या चुकीने काय घडते, हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. तो दोरा बांधणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. परंतु वर बसलेल्याचा जीव त्याच्याच गाठीवर अवलंबून असतो, हे येथेच सांगावे.

मौनाची मिनिटे

परतीच्या वाटेवर एक टप्पा असा येतो, की यानाभोवती तप्त वायूचे आवरण तयार होते आणि त्यातून संदेश जाऊ-येऊ शकत नाहीत. काही मिनिटे यान मुके होते. भूमीवरील अभियंत्यांना त्या वेळी वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. शिक्षकांनी येथे वर्गाला दोन मिनिटे पूर्ण शांत बसण्यास सांगावे व घड्याळ मुलांना दिसेल असे ठेवावे. दोन मिनिटे किती लांब असतात, हे मुलांना तेव्हा कळेल.

या मौनातील भीती निराधार नसते. २४ एप्रिल १९६७ रोजी सोव्हिएट अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह यांच्या यानाची हवाई छत्री नीट उघडली नाही व ते मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अमेरिकन यान परतत असताना भूमीवर उतरण्यास सुमारे १६ मिनिटे उरली असता आकाशातच मोडून पडले. उड्डाणाच्या वेळी फेसासारख्या हलक्या आवरणाचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता. तेथे पडलेल्या भगदाडातून परतीच्या वेळी तप्त वायू आत शिरला. त्या यानात सात जण होते. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांपैकी एक. त्या अमेरिकेच्या नागरिक झालेल्या होत्या, तरी त्यांच्या मृत्यूने भारतातही शोक झाला.

हे प्रसंग मुलांना भिववण्यासाठी सांगावयाचे नाहीत. सुखरूप परतणे ही आपोआप होणारी गोष्ट नाही, ती शेकडो माणसांच्या दक्षतेने घडवून आणलेली असते, हे कळण्यासाठी ते सांगावयाचे. १५ जुलैच्या दुपारी जो आनंद झाला, त्यात या भीतीतून सुटल्याचा भाग मोठा होता. सीमेवरून रजेवर येणाऱ्या जवानाची वाट पाहणाऱ्या घराला, किंवा वादळात अडकलेल्या होडीकडे डोळे लावून बसलेल्या कोळीवाड्याला ही भावना नवी नाही. अभिमानाच्या मुळाशी ही आपुलकी असते. जो आपला, त्याच्याविषयीच काळजी वाटते. आणि ज्याची काळजी वाटली, त्याच्या येण्याचा अभिमान वाटतो.

‘यान आपले नव्हते, मग आपले काय?’

हा प्रश्न एखादे चौकस मूल विचारीलच, आणि कोणी विचारला नाही तर शिक्षकांनी स्वतः विचारावा. त्याचे उत्तर टाळणे किंवा गोलमाल शब्दांत देणे हे पाठाच्या हेतूला मारक होईल. सत्य पुढीलप्रमाणे सरळ सांगावे.

अग्निबाण अमेरिकेचा होता. यान अमेरिकेतील एका खाजगी कंपनीने बांधलेले होते. स्थानक अनेक देशांनी मिळून उभारलेले आहे व त्या देशांत भारत नाही. शुक्ला यांच्या जागेसाठी भारत सरकारने पैसे मोजले. १९८४ सालीही यान आपले नव्हते. ते सोव्हिएट संघाचे होते.

मग आपले काय होते? यानचालकाच्या आसनावर बसलेला माणूस आपला होता. त्याचे शिक्षण व वैमानिकाचे प्रशिक्षण या देशात झाले. भारतीय हवाई दलाने त्याला घडविले. वर नेलेले सात प्रयोग भारतीय संशोधकांचे होते. त्यांपैकी एकात मूग व मेथी यांचे बी अवकाशात अंकुरविले. हा प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांनी आखलेला होता. खेड्यातील प्रत्येक मुलाच्या घरी मूग व मेथी असते. या माहितीने त्याला जेवढी जवळीक वाटेल, तेवढी दहा घोषणांनी वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे उड्डाण ११ जून २०२५ रोजी व्हावयाचे होते. परंतु अग्निबाणात द्रवरूप प्राणवायूची गळती आढळल्यामुळे ते पुढे ढकलले गेले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, तज्ज्ञ तेथे उपस्थित होते. गळती पूर्ण दुरुस्त झाल्याची खात्री पटावी, असा त्यांनी आग्रह धरला. यान दुसऱ्याचे असले, तरी आपल्या माणसाच्या जिवाविषयी विचारणा करण्याचा अधिकार व ज्ञान दोन्ही आपल्यापाशी होती. ज्ञान नसते तर नुसता अधिकार काय कामाचा?

परत आणण्याची विद्या

ही विद्या भारताने आपली आपण शिकण्यास आरंभ केला, त्याला बराच काळ लोटला. १० जानेवारी २००७ रोजी इस्रोने ५५० किलोग्रॅम वजनाची एक लहान कुपी अवकाशात पाठविली. बारा दिवसांनी, २२ जानेवारी रोजी, ती बंगालच्या उपसागरात अचूक उतरविली व बाहेर काढली. आत माणूस नव्हता. परंतु कक्षेतून वस्तू सुखरूप परत आणता येते, हे भारताने त्या दिवशी प्रथम सिद्ध केले. १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसे बसू शकतील अशा आकाराच्या रिकाम्या कुपीची परीक्षा घेतली. तीही समुद्रात उतरली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी संकटसमयी कुपीला अग्निबाणापासून दूर ओढून नेण्याच्या योजनेची चाचणी झाली. त्या दिवशी उड्डाणास अवघे पाच सेकंद उरले असता संगणकाने काही दोष ओळखून उड्डाण थांबविले. दोषाचे कारण शोधले गेले आणि त्याच सकाळी चाचणी यशस्वी झाली. २४ ऑगस्ट २०२५ रोजी हेलिकॉप्टरमधून कुपी खाली सोडून हवाई छत्र्यांची परीक्षा घेण्यात आली. भारतीय अंतराळवीरांना भारताच्याच अग्निबाणाने नेऊन भारताच्याच समुद्रात उतरविण्याची जी ‘गगनयान’ योजना आहे, तिची ही पूर्वतयारी होय. शुक्ला यांचा अनुभव याच कामी यावयाचा आहे.

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध काय, असेही मुले विचारतील. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. तेथील कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची पोलादी आवरणे तयार झाली आहेत. मुंबईतील विक्रोळी येथेही अग्निबाणांची एंजिने बनली आहेत. तेथील जोडारी व कातारी यांच्या हातांचा यात वाटा आहे. उसाच्या मळ्यांमध्ये वसलेल्या गावातील कामगाराने जोडलेला सांधा अवकाशाच्या वाटेवर टिकून राहतो, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

दुसऱ्यांचा आनंद

यान उतरले तेव्हा पोलंड व हंगेरी येथेही असाच आनंद झाला. पोलंडचा पहिला अंतराळवीर १९७८ साली व हंगेरीचा १९८० साली अवकाशात गेला होता. त्यानंतर त्या देशांनाही आपल्याप्रमाणेच चाळीसहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. एकाच कुपीत शेजारी शेजारी बसलेल्या चौघांसाठी चार देश एकाच क्षणी श्वास रोखून बसले होते. कुपीची छत्री उघडली ती चौघांसाठीच उघडली. आपला अभिमान मोठा होण्यासाठी दुसऱ्याला लहान करावे लागत नाही, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. एखाद्या मुलाने देशादेशांत तुच्छतेची तुलना केली, तर शिक्षकांनी रागावू नये. या कुपीची आठवण करून द्यावी.

शिक्षकांसाठी सूचना

१. चित्रफीत दाखविण्याची सोय असल्यास यान उतरण्याचे दृश्य प्रथम न बोलता दाखवावे. प्रयोग झाल्यानंतर तेच दृश्य पुन्हा दाखवावे. दुसऱ्या वेळी मुले काय निराळे पाहतात, याची नोंद करावी.

२. सोय नसल्यास फळ्यावर परतीच्या मार्गाची आकृती काढावी. एंजिन पेटविणे, तापणे, मौन, छत्र्या व पाणी हे पाच टप्पे दाखवावेत.

३. टाळ्या वाजवू द्याव्यात, घोषणाही देऊ द्याव्यात. मात्र त्या पाठाच्या शेवटी, आरंभी नव्हे.

४. माहिती वाढवून सांगू नये. आपण जे केले नाही ते केले असे सांगितलेले मूल मोठेपणी सत्य समजल्यावर आपल्या गुरुजनांवरही अविश्वास करील आणि अभिमानावरही.

स्वाध्याय

१. पृथ्वीची एक फेरी दीड तासात होते, तर एका दिवसात किती फेऱ्या होतील? २० दिवसांत किती?

२. ताशी २८,००० किलोमीटर वेगाने जाणारे यान एका मिनिटात किती अंतर जाईल?

३. मूग व मेथी ओल्या फडक्यात ठेवून अंकुर येईपर्यंत रोज निरीक्षण लिहा. अवकाशात अंकुराचे मूळ कोणत्या दिशेने वाढेल, याविषयी वर्गात चर्चा करा.

४. आपल्या गावात असा कोण आहे, की ज्याचे काम नीट झाले नाही तर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल? (वीजतंत्री, आरोग्यसेविका, बसचालक, विहीर बांधणारा गवंडी इत्यादी.) त्या व्यक्तीला भेटून तिच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.

चौथा स्वाध्याय हा या पाठाचा कळस समजावा. यान उतरताना पाहून जो ऊर भरून येतो, तो क्षण लवकर सरतो. तो टिकावा असे वाटत असेल, तर त्याला रोजच्या जीवनात आधार मिळाला पाहिजे. दोरा सारखा बांधणे, गळती दिसताच थांबणे, चूक झाकून न ठेवणे, आपल्या माणसाची काळजी वाहणे आणि दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे या सवयी ज्या शाळेत लागतात, त्या शाळेतील मुलांना देशाभिमान निराळा शिकवावा लागत नाही. उद्या भारताची स्वतःची कुपी माणसे घेऊन समुद्रात उतरेल, तेव्हा त्या दृश्याकडे पाहणाऱ्या मुलाला टाळी वाजवितानाच ‘हे कसे घडले ते मला ठाऊक आहे’ असे म्हणता आले, तर शिक्षकांच्या या दोन तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.